मार खाणाऱ्याची टाळी

नाटकातली थप्पड खोटी असते आणि तिचा आवाज मार खाणारा काढतो. मारणाऱ्याचा हात गालासमोरून नुसता जातो. मार खाणारा मान झटकतो आणि त्याच क्षणी, प्रेक्षकांना दिसणार नाही अशी, छातीजवळ टाळी वाजवतो. लाथ मारायची असेल तर तो ती तळहातांवर झेलतो आणि विव्हळतो. केस धरून फरफटत न्यायचं असेल तर तोच मारणाऱ्याचं मनगट दोन्ही हातांनी पकडतो आणि स्वतःला ओढत नेतो. मारणाऱ्याने फक्त चेहरा तापवायचा. बाकी सगळी मेहनत खाली पडलेल्याची.

हे मी नाशिकला शिकले. आमच्या पथनाट्यात पोलिसाचा मार मी खायचे, कारण माझी टाळी सगळ्यांत कडक वाजायची. आमचं घर कामगार संघटनेचं. पलंगाखाली, कपाटावर, गव्हाच्या कोठीमागे पत्रकांचे गठ्ठे. मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. माझा 'म' मगरीचा नव्हता, मागण्यांचा होता. पाचवीत असताना वडिलांबरोबर कारखान्याच्या गेटवर पत्रकं वाटायला गेले. मालकाच्या माणसाने पुढे येऊन एक पत्रक घेतलं, वाचलं, नीट घडी करून खिशात ठेवलं आणि वडिलांच्या कानाखाली वाजवली. चष्मा उडाला. दुसऱ्याने गठ्ठ्यावर लाथ मारली, तिसऱ्याने वडिलांच्या पोटात. त्यांतला एकही आवाज वडिलांनी काढलेला नव्हता. तेव्हापासून खरा मार आणि खोटा मार मला डोळे मिटूनही ओळखता येतो.

कतारला मी प्लॅनिंग इंजिनीअर म्हणून आले, एका सल्लागार कंपनीत, छोट्या करारावर. वर्ल्ड कपला अजून तीन-चार वर्षं होती आणि सगळा देश उकरून ठेवलेला होता. आमची साइट अल रय्यानला होती. उन्हाळ्यात दुपारचं उघड्यावरचं काम बंद असे, तेव्हा मी साइट ऑफिसात एसीखाली बसून वाचायचे. तिथेच अमेरिकेतल्या पहिल्या चिनी मजुरांबद्दल वाचलं. दीडेकशे वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून गेलेली माणसं. त्यांनी डोंगर फोडून रेल्वे बांधली, सुरुंगात आणि बर्फात मेली, आणि दोन बाजूंचे रूळ जोडल्याच्या समारंभाचा जो गाजलेला फोटो आहे त्यात ती दिसत नाहीत. रेल्वे झाल्यावर गोऱ्यांचे जमाव त्यांच्या वस्त्यांवर चालून गेले. झोपड्या पेटवल्या, माणसं लटकवली, त्यांच्या लांब शेंड्या कापल्या. शेवटी असे मजूर देशात येऊच नयेत म्हणून कायदा केला.

आमच्या ऑफिसच्या भिंतीवरही एक फोटो होता, पहिली तुळई चढवली त्या दिवसाचा. सगळी पांढरी हेल्मेटं, म्हणजे इंजिनीअर आणि मॅनेजर. मजुरांचं निळं हेल्मेट त्यात एकही नव्हतं. मी त्या फोटोकडे पाठ करून एकांकिका लिहायला घेतली.

जमावाची वाक्यं लिहायला काहीच त्रास पडला नाही. ती मला पाठ होती. आमच्याच शहरात एका वर्षी वेगळी पत्रकं फिरली होती. तोच स्वस्त कागद, तशीच छपाई: हे बाहेरचे आपली भाकर खातात, कमी मजुरीत राबतात, घाण करतात, यांना हटवा. त्या आठवड्यात आमच्या कोपऱ्यावरच्या पाणीपुरीवाल्याची गाडी उलटवून त्याला उकळता रगडा पायावर सांडेपर्यंत मारला होता. वडिलांनी ते पत्रक माझ्यापुढे धरलं आणि विचारलं, "यात मालक कुठे आहे? शोध." मालक नव्हता. नाटक लिहिताना मी 'बाहेरचे' खोडून 'चिनी' घातलं. दुसरा शब्द बदलावा लागला नाही.

आमचा नाटकवेड्यांचा छोटा गट होता. तालमी शुक्रवारी दुपारी, दोह्याबाहेर उम्म सलाल मोहम्मद या गावी, एका काका-काकूंच्या व्हिलात. काका गॅस कंपनीत जुने. व्हिलाच्या आवारात पाहुण्यांसाठीचा वेगळा लांबडा हॉल होता, पलीकडे खजुराची शेतं. "इथे माणूस मारलात तरी फक्त शेळ्यांना कळेल," काका पहिल्या दिवशी म्हणाले होते, आणि आम्ही हसलो होतो.

चिन्याचं काम केलं एका स्टोअरकीपरने. लातूरकडचा, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा, तरी मला ताई म्हणायचा. माझ्याच साइटवर ठेकेदार कंपनीचं स्टोअर सांभाळायचा. बायको आणि लहान मुलगी गावी. त्याला नाटकात जवळजवळ वाक्यंच नव्हती, कारण गोष्टीत त्याची भाषा कुणालाच कळत नाही. अमेरिकन मुकादमाचं काम त्याच्याच कंपनीच्या प्रोजेक्ट मॅनेजरने केलं. त्याला तालमीतही सगळे साहेबच म्हणायचे. पुण्याचा, कॉलेजात एकांकिका स्पर्धा गाजवलेला. आवाज असा की माईक लागत नसे. साहेब त्याला नावाने हाक मारत नसे. "ए स्टोअर, इकडे ये." माझ्या नाटकातला मुकादमही सगळ्या चिन्यांना एकाच नावाने बोलावतो. ती ओळ साहेबाने पहिल्याच वाचनात अशी म्हटली की पुन्हा सांगायची गरज पडली नाही.

पहिली अडचण शेंडीची झाली. काकूंकडे गंगावन होतं, खऱ्या केसांचं, कमरेपर्यंत लांब, त्यांच्या लग्नातलं. ते त्यांनी एका काळ्या टोपीला आकड्याने अडकवलं. "ओढा, कापल्याचं नाटक करा, पण खरी कात्री लावाल तर गाठ माझ्याशी," असं साहेबाला बजावलं. स्टोअरकीपर ते घालून पुढे आला आणि सगळा हॉल हसत सुटला. रंगमंचावर शेंडी दिसली की मराठी माणूस हसायच्या तयारीनेच बसतो. भटजी आला, आता फजिती होणार. मी संहितेतला 'शेंडी' हा शब्द काढून 'वेणी' केला. मग तर विचारूच नका.

"कापू नका हो साहेब," जमावात काम करणारा एक आयटीवाला मुरकत म्हणाला, "मग मी गजरा कुठे माळू?"

"चायना माल आहे," साहेब म्हणाला. "गॅरंटी नाही. ओढून बघू टिकतो का."

आणि ओढलं. आकडा सुटला नाही. टोपी घट्ट बसावी म्हणून काकूंनी ती स्टोअरकीपरच्या स्वतःच्या केसांत पिनांनी अडकवली होती. पिनेबरोबर केसांची एक बट मुळासकट उपटून आली आणि कानावरून रक्ताची बारीक धार खाली आली. हसणं तरी लगेच थांबलं नाही.

"सॉरी, सॉरी. फ्लोमध्ये," साहेब म्हणाला.

काकूंनी पिना काढल्या आणि आकडा सैल केला. त्याच दुपारी जमावाचा प्रवेश बसवायला घेतला. घोषणा होती, 'चिनी हटाव'. दोनदा बरोबर झाली. तिसऱ्यांदा जोशात आयटीवाला मूठ उगारून ओरडला, "भैये हटाव." सगळे थबकले आणि मग पोट धरून हसले.

"तोंडात बसलंय रे, त्याला काय करणार," साहेब म्हणाला.

"हसू नका," मी म्हटलं. "ह्या चुकीवरच नाटक उभं आहे."

"अगं, किती ते पत्रक. जरा श्वास घे."

त्यानंतर दर शुक्रवारी साहेबाचा हात थोडा जवळ येत गेला. आधी बोटांची टोकं गालाला लागली. मग बोटं. मग एकदा पूर्ण पंजा. स्टोअरकीपर टाळी देत होता आणि खरा मारही खात होता, म्हणजे एका थपडेला दोन आवाज येत होते. मी थांबवायचे, अंतर दाखवायचे, पुन्हा सुरू करायचे. "टाळीत फील येत नाही," साहेब म्हणायचा. "स्टोअर, तू मार खातोयस, चहा पीत नाहीयेस. चेहऱ्यावर दिसू दे." चेहऱ्यावर दिसायचं. चार बोटं दिसायची, संध्याकाळपर्यंत.

साइटवरचा साहेब मी त्याच सुमारास पाहिला. सळई बांधणारा एक नेपाळी मजूर चुकीच्या बाजूने काम करत होता. साहेब त्याच्यामागे गेला आणि हातातला वॉकीटॉकी त्याच्या हेल्मेटवर आपटला. टक्. मजूर वळला. पुन्हा टक्, आणि पुन्हा, इतक्या जोराने की त्याचे गुडघे वाकले आणि तो सळयांच्या जाळीवर हात टेकून बसला. तळहातात तारेचं टोक घुसलं. मी धावत गेले. साहेब शांतपणे म्हणाला, "हेल्मेट आहे ना डोक्यावर? ते त्यासाठीच असतं." मी सेफ्टीवाल्यांना सविस्तर ईमेल लिहिली. उत्तर आलं, नोंद घेतली. मजुराची दुसऱ्या साइटवर बदली झाली. साहेबाचा वॉकीटॉकी बदलला, कारण जुन्याचा आवाज खरखरायला लागला होता.

पुढच्या तालमीत लाथ बरगडीत बसली. स्टोअरकीपरने ती झेलायला तळहात पुढे केले होते, पण साहेबाने पाय वरून घातला. मी तो आवाज ओळखला. ओलसर, बंद पोत्यावर काठी पडल्यासारखा. स्टोअरकीपर कुशीवर वळला आणि श्वास घ्यायला तोंड उघडून राहिला.

"बस," मी म्हटलं. "साहेब, तुम्ही या नाटकात नाही. निघा."

"का? हिंसा नको होती तर लिहिलीस कशाला?"

"मारणाऱ्याला लाज वाटावी म्हणून लिहिली. तुम्हाला मजा येतेय."

"मग लाज वाटेल असं लिहायचं होतंस. तू मजा येईल असं लिहिलंयस," तो म्हणाला आणि पाण्याची बाटली उघडली.

मी त्याच्या हातातली बाटली उडवून लावली. काका मध्ये आले, काकू मध्ये आल्या. तेवढ्यात स्टोअरकीपर उठला, एक हात बरगडीवर ठेवून माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "ताई, जरा भाईर या."

बाहेर खजुरांच्या झावळ्यांखाली ऊन अजून उभंच होतं. तो भिंतीला टेकला.

"तुम्ही कामून मधी पडायलात?"

"तो तुम्हाला मारतोय, दादा."

"मला ठाव नाही व्हय? मार मी खायलोय."

मग त्याने सांगितलं. त्याला हमद पोर्टवर एका मालवाहतुकीच्या कंपनीत नोकरी मिळाली होती. वरची जागा, बायको-मुलीला इथे आणता येईल अशी. पण तेव्हा करार संपायच्या आत नोकरी बदलायची तर आधीच्या कंपनीची ना-हरकत लागायची. एनओसी. ती साहेबाच्या सहीवर अडली होती. पोर्टवाले किती थांबतील सांगता येत नव्हतं, आणि मुलगी पुढच्या वर्षी पहिलीत जाणार होती. तिला शाळेत घालायच्या आत आणायची होती.

"साहेब मनले, नाटक होऊ दे, मग करतो सही."

"आणि तोवर बरगड्या मोडून घ्यायच्या?"

"केबिनच्या भाईर उभं राहिलो तर साहेब मान वर करत नाहीत, ताई. हितं निदान माझ्याकडं बघून मारायलेत." तो हसला, आणि हसताना बरगडी दुखली म्हणून थांबला. "तुम्ही त्यांला काढलं तर माझी सही गेली. एवढं एक नाटक होऊ द्या."

माझ्या नोकरीला साहेबाची सही लागत नव्हती. माझी कंपनी वेगळी, माझा करार वेगळा. माझा राग मला परवडत होता. हे तो बोलला नाही, पण माझ्याकडे बघत होता त्या बघण्याला दुसरा अर्थ नव्हता. मी आत गेले. साहेबाला म्हटलं, तुम्ही राहा. फरशीवर पांढरी चिकटपट्टी लावली आणि सांगितलं, या रेषेच्या पुढे पाऊल टाकायचं नाही. इथून हात फिरवलात तर तो कुणालाही लागणार नाही. साहेब पट्टीकडे बघून म्हणाला, "एलओसी का? ओके मॅडम." उरलेल्या तालमी त्याने रेषेच्या मागून केल्या. टाळी वाजत होती, थप्पड लागत नव्हती. मला वाटलं, झालं.

प्रयोग एका शाळेच्या हॉलमध्ये होता, शुक्रवारी संध्याकाळी. हॉलवाल्यांनी गोष्ट विचारली. अमेरिकेतली आहे, फार जुनी, असं सांगितल्यावर त्यांनी पुढे काही विचारलं नाही. नटूनथटून आलेल्या कुटुंबांनी खुर्च्या भरल्या. जागा मिळाली नाही ते भिंतीला लागून उभे राहिले. मी रंगमंचावर पट्टी लावून आले आणि विंगेत संहिता घेऊन उभी राहिले. माझ्यासमोर साहेब आरशात बघून लाल मिशी चिकटवत होता. स्टोअरकीपर टोपी आणि गंगावन लावून त्याच्या मागे उभा.

"साहेब, रविवारी येऊ का सहीला?"

"बघू रे. इन्शाल्ला."

अरबांच्या तोंडी तो शब्द श्रद्धेचा असतो. आमच्या ऑफिसांतल्या साहेबांनी तो उचलला आणि त्याची नकार देण्याची सभ्य रीत करून टाकली. रजा मिळेल का, इन्शाल्ला. पगार वेळेवर होईल का, इन्शाल्ला. ज्याला तो ऐकवतात त्याला अर्थ लगेच कळतो.

"इन्शाल्ला कामून, साहेब? तुम्ही तर मनलात, नाटक झालं की."

"अरे, तू गेलास तर स्टोअर कोण बघणार? वर्ल्ड कप तोंडावर आलाय. तुझी एनओसी देऊन मी काय स्वतः नट-बोल्ट मोजत बसू?" मिशी नीट बसली का ते त्याने बघितलं. "खलास. विषय संपला. हॉलचे लाइट गेले, चल."

स्टोअरकीपर माझ्याकडे वळला नाही. त्याने गंगावन चाचपलं, आकडा बघितला आणि अंधारात आपल्या जागेवर जाऊन बसला.

सुरुवात चांगली गेली. सुरुंगाचा आवाज, धूर, मेलेल्या माणसाला दगडांखाली पुरणं. प्रेक्षक गप्प होते. मग जमाव मशाली घेऊन आला आणि 'चिनी हटाव' घुमलं, आणि मला दिसलं की मागच्या भिंतीजवळच्या एकदोन पोरांनी नकळत मुठी वर केल्या. चिनी पुढे ढकलला गेला. साहेब पट्टीपाशी आला, ओळ म्हटली, हात मागे नेला आणि थप्पड फिरवली.

आवाज आला नाही.

शर्टाच्या बाहीची सळसळ तेवढी ऐकू आली. स्टोअरकीपरने मान झटकली नव्हती. हात खाली सोडलेले. तो सरळ उभा राहून साहेबाकडे बघत होता. साहेब क्षणभर गोंधळला, मग त्याला वाटलं चूक झाली, म्हणून त्याने तीच ओळ पुन्हा म्हटली, आणखी मोठ्याने, आणि उलट्या हाताने मारली. पुन्हा फक्त वारा. तेवढ्या मोठ्या आवाजाचा, तेवढ्या मोठ्या देहाचा माणूस हवेत हात फिरवत होता आणि समोरच्याचं काहीच होत नव्हतं. पुढच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मग दोघं-तिघं. मागून एक जण म्हणाला, "साहेब, रेंज नाही." सगळा हॉल हसला.

साहेबाने पाऊल उचललं आणि ते पट्टीच्या पलीकडे ठेवलं.

ती थप्पड मी बघितली नाही, ऐकली. गेटवरची तीच. पंजा पूर्ण कानावर बसला होता. हसू मध्येच तुटलं. स्टोअरकीपर एका गुडघ्यावर आला. साहेबाने दुसरी मारली, ती तोंडावर, आणि ओठ दातांवर फुटला. मग त्याने गंगावन पकडून हिसका दिला. सैल केलेला आकडा सुटला आणि ते लांब काळे केस अख्खे त्याच्या हातात आले. कात्री अजून त्याच्या खिशातच होती. कापायला काही उरलं नव्हतं. बायकांचं गंगावन हातात धरून साहेब उजेडात उभा राहिला. हॉलमध्ये कुणी हललं नाही, आणि जमावातले सगळे मशाली खाली करून मागे सरकले होते.

स्टोअरकीपर उठला. संहितेत इथे तो हात पुढे करून आपली वेणी परत घेतो. त्याने हात पुढे केला. साहेबाने गंगावन दिलं. स्टोअरकीपरच्या हनुवटीवरून रक्त शर्टावर पडत होतं. एक शब्दही नसलेल्या जागी तो एक शब्द बोलला.

"खलास."

अमेरिकेतला चिनी अरबी बोलला आणि हॉलमध्ये ते न कळलेला एकही माणूस नव्हता. तो विंगेत आला नाही. पुढच्या पायऱ्यांनी उतरला, खुर्च्यांमधून चालत मागच्या दाराने बाहेर गेला. कुणी टाळी वाजवली नाही. पडदा मीच ओढला.

मी गाडी काढली. काकू मागे बसल्या, मांडीवर त्याचं डोकं आणि ओल्या रुमालात बर्फ. त्याच्या डाव्या कानातून पातळ रक्त येत होतं. हॉस्पिटलात डॉक्टरने आत बघून सांगितलं, पडदा फाटलाय. मग विचारलं, कसं लागलं? मारामारीची जखम असेल तर इथे पोलीस येऊन जबाब घेतो. तो येईपर्यंत बाकड्यावर बसायला सांगितलं.

साहेब पाठोपाठ आलाच. मिशी काढलेली, ओठावर गोंदाचे पांढरे डाग.

"हे बघ, टाळी तू विसरलास," तो स्टोअरकीपरला म्हणाला. "तू आवाज दिला असतास तर मला पुढे यायची वेळच आली नसती. सगळ्यांनी पाहिलंय."

"सगळ्यांनी पाहिलंय, हे खरं," मी म्हटलं. "मीही सांगणार आहे. दादा, तुम्ही खरं ते सांगा. मी साक्ष देते. काकू देतील. अख्खा हॉल देईल. हा माणूस परत कुणाच्या डोक्यावर हात उगारणार नाही."

मी मनापासून बोलत होते. माझ्या डोक्यात तक्रारीचा मसुदासुद्धा तयार होता, परिच्छेदांसकट. स्टोअरकीपरने बर्फाचा रुमाल एका हातातून दुसऱ्या हातात घेतला आणि उजवा कान साहेबाकडे केला.

"पोलिसाला काय सांगू, साहेब?"

साहेबाने नखाने ओठावरचा गोंद खरवडला.

"टाळी विसरलो मनून सांगतो. माझीच चूक मनतो. रविवारी सकाळी सही पायजे. सहीच्या आधी मला हितला कागद डॉक्टर देणार हाय, कसं लागलं ते कोरं ठेवून. सही झाली तर हेच भरतो, नाही झाली तर खरं."

"दादा," मी म्हटलं.

"ताई, तुम्ही गप ऱ्हावा."

काकूंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. कोरा कागद वगैरे काही मिळत नसतो, हे मला माहीत होतं. साहेबालाही बहुतेक माहीत होतं. पण दाराशी बूट वाजले, पोलीस आत आला, आणि साहेबाने पटकन मान हलवली. स्टोअरकीपर मोडक्या हिंदीत पोलिसाला म्हणाला, "ड्रामा में लगा. मेरा मिस्टेक. फिर भी कुछ याद आया तो संडे को आके बताऊँगा." संडे म्हणताना तो साहेबाकडे बघत होता.

रविवारी सही झाली.

आमच्या गटाच्या व्हॉट्सअॅपवर तीच गोष्ट पक्की झाली. बिचारा टाळी विसरला, त्यामुळे साहेबांचा अंदाज चुकला, लाइव्ह थिएटरमध्ये असं होतं. मी लिहिलं, खोटं आहे. त्याखाली कुणीतरी फुलांचा गुच्छ टाकला आणि विषय वाढदिवसावर गेला. मी गट सोडला. साहेबाला कुणी काही केलं नाही. पुढच्या वर्षी त्याने एका विनोदी नाटकात आजोबांचं काम केलं आणि ते म्हणे गाजलं. मला आजही वाटतं, त्या बाकड्यावर तक्रार व्हायला हवी होती. सही होऊन गेली तरी वाटतं.

नंतरच्या हिवाळ्यात त्याने मला घरी जेवायला बोलावलं. बायको, मुलगी येऊन चार-पाच महिने झाले होते. छोटं घर, खिडकीतून लांबवर पोर्टच्या क्रेन. बायकोने भाकरी केल्या होत्या. मुलगी जमिनीवर बसून चित्र रंगवत होती. शाळेत इंग्रजी बोलायची, घरी लातूरचं. मी त्याच्या डाव्या बाजूला बसले तर तो म्हणाला, "ताई, हिकडं बसा," आणि मला उजवीकडे घेतलं.

जेवण झाल्यावर मी विचारलंच. "दादा, त्या दिवशी टाळी खरंच विसरलात?"

त्याने बायको आत गेलेली बघितली.

"विसरलो नव्हतो."

"मग?"

"साहेबाला आवाज लागतोच, ताई. सायटीवर बगा, तालमीत बगा. हाणलं आन् आवाज आला की माणूस शांत होतो. नाही आला की पुढं येतो. पट्टी मधी असली तरी येतो. ते मी बगून ठेवलं होतं." बशीतली बडीशेप त्याने बोटाने गोळा केली. "आन् हॉल भरलेला होता."

पत्रकांत वाचलेले सगळे शब्द मला येत होते आणि त्यांतला एकही तिथे लागत नव्हता.

मुलीने चित्र पूर्ण केलं आणि त्याच्या डाव्या बाजूने हाक मारली. "पप्पा." तो माझ्याकडे बघत होता. तिने पुन्हा हाक मारली. मग न चिडता उठली, त्याच्या पाठीमागून फिरून उजव्या बाजूला गेली आणि तिथून बोलू लागली.